पांढऱ्या गाडीला पेस्ट वॅक्स: लावायचं कसं आणि मुख्य म्हणजे काढायचं कसं

पहिल्यांदा वॅक्स लावलं तेव्हा तीन-चार घोडचुका मी एकाच दुपारी उरकल्या. मे महिना, साडेबाराचं ऊन, सोसायटीचं ओपन पार्किंग, आणि डब्यातून बोटाने लोणी काढावं तसं वॅक्स काढून मी अख्ख्या गाडीला थापून टाकलं. गाडी पांढरी, वॅक्स पांढरट, कुठे लागलंय नि कुठे राहिलंय काही दिसेना, म्हणून वरून अजून एक हात मारला. पुसायला गेलो तर फडकं जागचं हलेना. बॉनेटवर तर असं चिकटून बसलेलं की कोपर दुखायला लागलं, साडेचार वाजले तरी मी डाव्या बाजूच्या दारावरच, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका दूध आणायला खाली उतरले ते उभे राहून बघत म्हणाले, "रंग लावतोयस का काढतोयस रे?"

त्यानंतर दहा-बारा वेळा तरी केलं असेल. आता धुणं धरून सकाळचे तीन तास जातात, छोटी हॅचबॅक आहे म्हणून, एसयूव्ही असेल तर अजून एक तास धरा. पांढरी, सिल्व्हर, क्रीम, कुठलीही फिकी गाडी असो, तिचं दुखणं एकच, लावलेलं वॅक्स दिसत नाही. काळ्या गाडीवर ते पाटीवरच्या खडूसारखं उठून दिसतं, आपल्याला मात्र बोटाने चाचपत आणि टॉर्च मारत काम करावं लागतं.

सुरुवातीला एक घोळ मिटवून टाकू. गॅरेजवाला "रबिंग-पॉलिश मारून देतो" म्हणतो ते वेगळं आणि वॅक्स वेगळं. रबिंगमध्ये वरचा थर बारीक घासला जातो आणि त्यामुळे ओरखडे कमी होतात, वॅक्स काही घासत नाही, ते नुसतं वर जाऊन बसतं, पाणी-धूळ-चिकटा जरा लांब ठेवतं आणि थोडी चमक देतं. त्यामुळे ओरखडे जातील म्हणून वॅक्स आणणार असाल तर नका आणू. डब्यावर क्लीनर वॅक्स असं लिहिलेलं असेल तर त्यात थोडं घासणारं मटेरियल असतं, जुनी पांढरी गाडी खडूसारखी फिकट पडली असेल तर ते बरं पडतं. आणि हो, जुन्या साध्या पांढऱ्या रंगावर कधीकधी क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतो, तिथे असलं वॅक्स चोळलं की स्पंजवर गाडीचाच पांढरा रंग येतो, घाबरू नका, फक्त जोर लावू नका. मॅट फिनिशच्या गाडीला वॅक्स अजिबात नाही, डाग डाग दिसतात. गॅरेजमध्ये नुकताच पॅनल पेंट करून आणला असेल तर दोन-तीन महिने थांबा, आतला रंग पूर्ण वाळू द्या.

पेस्ट वॅक्सच्या डब्यात बहुतेक वेळा कार्नौबा असतं, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर येणारं मेण. पानं वाळवून झोडपली की त्याची भुकटी पडते. हे मेण भलतंच टणक, ८० डिग्रीच्या वर जाऊन वितळतं, नुसतं गाडीवर चोळून चोळलंच जाणार नाही, म्हणून त्यात तेल आणि उडून जाणारं सॉल्व्हंट घालून पेस्ट करतात. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप समजेल. वॅक्स वाळतं म्हणजे ते सॉल्व्हंट उडतं. थर पातळ असेल तर पटकन उडतं आणि मागे हलकी धुरकट साय राहते ती एका हाताने निघते. थर जाड असेल तर वरून पापुद्रा धरतो आणि आत ओलं ते ओलंच राहतं, मग पुसायला गेलं की फरफटतं. माझ्या त्या दुपारी नेमकं हेच झालं होतं, वर उन्हाने भाजून निघालेलं आणि खाली चिकट.

सामान फार लागत नाही. वॅक्सचा एक डबा, कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालतो, एक डबा मला तीन वर्षं पुरला. गोल फोमचे दोन ॲप्लिकेटर, एक खाली पडला तर दुसरा, कारण जमिनीवर पडलेला ॲप्लिकेटर परत गाडीला लावायचा नाही, त्यात अडकलेला एक खडा अख्ख्या दारावर रेघ मारतो. मायक्रोफायबरची निदान पाच-सहा कापडं, जरा जाड आणि मऊ, सिग्नलला मिळतात ती पातळ खरखरीत नकोत. पिवळं फडकं नको, जुना बनियन तर नकोच, बनियनची शिवण आणि लेबल घासलं जातं हे मी करून बघितलंय. हार्डवेअरच्या दुकानातून मास्किंग टेपचा एक रोल आणा. एक मऊ जुना टूथब्रश. आणि मोबाइलचा टॉर्च, तो आहेच.

धुणं

वॅक्सचं निम्मं काम धुण्यात आहे आणि इथेच लोक कंटाळा करतात. आपल्याकडे सोसायटीत रोज गाडी पुसणारे दादा एका बादलीत दहा गाड्या उरकतात, त्यांना दोष देत नाही, त्यांना महिन्याला मिळतात किती, पण त्या फडक्यातली माती ही बारीक पॉलिशपेपरच असते. वॅक्सच्या दिवशी त्यांना सांगा, दादा आज राहू द्या.

दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी पाइपने किंवा मगाने नुसतं पाणी मारून माती पाडा, मग वरून खाली या, टप, काचा, बॉनेट, दारं, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा पट्टा आणि बंपर, तिथे खरी घाण असते. प्रत्येक वेळी मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत. भांड्यांचा लिक्विड सोप रोजच्या धुण्याला वापरू नये, जुनं वॅक्स ओरबाडून नेतो, पण नवीन वॅक्स लावायच्या आधी एकदा मी वापरतो, बऱ्यापैकी साफ होतं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका. त्याचे पांढरे ठिपके पांढऱ्या गाडीवर दिसत नाहीत म्हणून आपण सोडून देतो आणि मग वॅक्सखाली तेच झाकून ठेवतो, रात्री ट्यूबलाइटखाली तिरकं बघितलं की सगळा पुरळ दिसतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने फिरवा, मिनिटभर थांबा, धुऊन टाका. पार्किंगच्या खांबावरून टपकलेल्या सिमेंटच्या पाण्यावर मात्र हे करत बसू नका, ते जाड असेल तर डिटेलिंगवाल्याकडेच जा.

दारांच्या खालच्या बाजूला काळे डांबराचे ठिपके असतील, नवीन डांबरी रस्त्यावरून गेलं की हमखास. टार रिमूव्हर मिळतो, नाही मिळाला तर थोडंसं रॉकेल कापडावर घेऊन अलगद टेकवायचं, ठिपका विरघळला की उचलायचा, आणि लगेच शाम्पूने धुवायचं. नखाने खरवडायचं नाही.

आता फिक्या गाडीचा खास रोग. जवळ जाऊन बघा, बॉनेटवर आणि मागच्या दारावर बारीक केशरी-तपकिरी ठिपके असतात, वाटतं गाडी गंजायला लागली. बहुतेक वेळा गाडी नाही गंजलेली, ब्रेकचा लोखंडी चुरा उडून रंगात रुतून बसतो आणि तो गंजतो. रेल्वे लाइनच्या बाजूला पार्किंग असेल तर विचारूच नका, मी तीन वर्षं रुळांच्या अगदी जवळ राहत होतो, तिथे महिन्याभरात गाडीवर मोहरी उधळल्यासारखे ठिपके यायचे. त्यासाठी आयर्न रिमूव्हर म्हणून स्प्रे मिळतो, तो मारला की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. पांढऱ्या गाडीवर हे दृश्य भारी दिसतं, वास मात्र सडलेल्या अंड्यांचा. सावलीत मारा, वाळू न देता धुवा, हातात ग्लोव्हज घाला.

एवढं झालं की हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून रवाळ लागतं. रवाळ लागलं तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा लागेल, शाम्पूचं पाणी भरपूर मारत, वजन न देता, क्ले मळकट झाली की आतली बाजू बाहेर घडी घालून. क्ले खाली पडली की सरळ कचऱ्यात. वर्षातून एकदा पुरतं.

मग पुसणं. इथे घाई केली की पुढे रडायची वेळ येते. गाडी पुसून झाली की चारही दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडा आणि कडा पुसा. साइड मिररच्या आत पाणी दडून बसलेलं असतं, मिररच्या हाऊसिंगवर खालून दोन थापट्या मारा, बदाबदा गळतं. नाही काढलं तर तुम्ही दाराला वॅक्स लावून टाकता आणि बरोब्बर तेव्हाच मिररमधून एक ओघळ त्या वॅक्समधून खाली येतो.

लावणं

जागा सावलीची पाहिजे आणि पॅनल गार पाहिजे. पांढरा पॅनल काळ्यापेक्षा कमी तापतो हे खरं, पण गाडी चालवून आणली असेल तर इंजिनामुळे बॉनेट तव्यासारखं असतं. हाताची मागची बाजू टेकवा, कोमट वाटलं तरी थांबा. मी सकाळी सातला सुरू करतो. पावसाळ्यात दमट हवेत वॅक्स लवकर वाळत नाही, दहा मिनिटांचे पंचवीस होतात, त्यामुळे एकदा जूनच्या आधी आणि एकदा दसऱ्याच्या आधी असा माझा हिशोब आहे. दसऱ्याचं कारण खाली सांगतो.

आधी मास्किंग टेप. दारांची काळी रबरं, काचेखालची काळी प्लास्टिकची जाळी, बंपरचा न रंगवलेला काळा भाग, लोगोची अक्षरं. पंधरा मिनिटं जातात, पण काळ्या खरखरीत प्लास्टिकवर वॅक्स गेलं की तिथे पांढरा डाग बसतो आणि तो धुण्याने जात नाही. गंमत बघा, वॅक्स जिथे दिसायला पाहिजे त्या पांढऱ्या रंगावर दिसत नाही आणि जिथे नको तिथे आठवडे आठवडे दिसतं.

ॲप्लिकेटर किंचित ओलसर करा, म्हणजे पाण्यात बुडवून घट्ट पिळून काढलेला, तो डब्यात टेकवून एक पाव वेढा फिरवा, बास. स्पंजवर वॅक्सची जेमतेम फिल्म दिसली पाहिजे, गोळा दिसता कामा नये. एवढ्यात अर्धं बॉनेट होतं. पटत नाही माहितीये, मलाही पटलं नव्हतं.

गाडीचे मनातल्या मनात तुकडे पाडा. माझा क्रम ठरलेला आहे, टपाचा डावा अर्धा, उजवा अर्धा, बॉनेट डावं, बॉनेट उजवं, मग ड्रायव्हरच्या बाजूने घड्याळाच्या काट्यासारखं फिरत गाडीभोवती एक चक्कर. क्रम कुठलाही धरा पण तो मोडू नका, कारण फिक्या गाडीवर मध्येच फोन आला आणि परत आलात की कुठपर्यंत आलो होतो हे डोळ्यांनी कळत नाही. मी तर जिथे थांबलो तिथे टेपचा छोटा तुकडा चिकटवून मग फोन घेतो. काळी गाडीवाले हसतील, हसू दे.

हात गोल फिरवा की सरळ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी आधी आडवे आणि मग त्याच जागेवर उभे हात मारतो, त्याने जागा सुटत नाही एवढंच. कडेपासून अर्धा इंच आधीच थांबा, राहिलेलं नंतर स्पंजच्या टोकाने ओढून घ्या, म्हणजे दारांच्या फटीत वॅक्स भरत नाही. समोरच्या काचेवर चुकूनही जाऊ देऊ नका, पहिल्या पावसात रात्री वायपर फिरला की समोरून येणाऱ्या लाइटचे फराटे दिसतात, फार वाईट.

दिसत नसलेलं बघायचं कसं? टॉर्च समोरून मारू नका. मोबाइल पॅनलला जवळजवळ टेकवून, प्रकाश रंगावरून सरपटत जाईल असा धरा आणि समोरच्या बाजूने वाकून बघा. जिथे वॅक्स आहे तिथे काचेवर वाफ धरल्यासारखं अंधुक दिसतं, जिथे सुटलंय तिथे लखलखतं. ट्यूबलाइट किंवा आकाशाचं प्रतिबिंब पॅनलमध्ये पकडूनही कळतं, प्रतिबिंबाची कड फुसकटलेली म्हणजे वॅक्स आहे.

काढणं

दोन पॅनल लावून झाले की पहिल्यावर परत या. वाळलं का ते बघायला एकच परीक्षा, बोट. कोपऱ्यात कोरडं, स्वच्छ बोट एकदाच सरळ ओढा, दोन इंच. बोटामागे स्वच्छ चकचकीत पट्टा उमटला आणि बोटाला पिठूळ काहीतरी लागलं तर वाळलंय, पुसा. पट्टा तेलकट ओघळला, म्हणजे तुपाच्या ताटावरून बोट फिरवल्यासारखा, तर अजून थांबा. पांढऱ्यावर तो पट्टाही नीट दिसत नाही, तेव्हा बोटाच्या टोकाकडे बघा, पिठूळ की तेलकट ते तिथे कळतं. गार सावलीत पाच-सात मिनिटांपासून पंधरा मिनिटांपर्यंत काहीही लागू शकतं, डब्यावरची वेळ ब्रेकिंग न्यूजसारखी धरायची, बघायची आणि स्वतः खात्री करायची. आणि काही डब्यांवर तर लिहिलेलंच असतं की लावा आणि लगेच पुसा, ते असेल तर त्यांचंच ऐका.

अख्खी गाडी लावून मग पुसायला घेऊ नका. खूप लोक असं सांगतात आणि थंड हवेत ते चालतही असेल, पण आपल्या हवेत पहिला पॅनल तोपर्यंत पापडासारखा कडक होतो.

पुसायला दोन कापडं. दोन्ही चौघडी घातलेली, म्हणजे एका कापडाच्या आठ बाजू मिळतात. पहिल्याने वरची साय काढायची, जोर न देता, कापडाच्या वजनाने निघेल तेवढीच. दुसऱ्याने त्याच जागेवर परत फिरायचं. पहिलं कापड दोन पॅनल झाले की बाजू बदलायची, कारण भरलेलं कापड वॅक्स उचलत नाही, एका जागचं दुसऱ्या जागी नेऊन लावतं, आणि पांढऱ्या गाडीवर तेही दिसत नाही. हाताला मात्र कळतं. वॅक्स निघालेल्या जागी कापड बर्फावरून सरकल्यासारखं जातं, राहिलेल्या जागी किंचित अडखळतं. डोळे बाजूला ठेवून या अडखळण्याकडे लक्ष द्या, दोन पॅनलमध्ये हात तयार होतो.

कापड अडकायलाच लागलं, माझ्या त्या पहिल्या दुपारसारखं, तर दाबून घासू नका. दाबलं की ओरखडे येतात. सोपा इलाज म्हणजे त्याच वॅक्सचा अगदी पातळ हात त्याच जागेवर परत फिरवायचा आणि वाळायच्या आत लगेच पुसून टाकायचा. नव्या वॅक्समधलं सॉल्व्हंट खालचं कडक झालेलं मऊ करतं आणि दोन्ही एकदम निघतात. हे त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर काकांचा टोमणा वाचला असता.

झालं की टेप काढा, टूथब्रशने लोगोच्या अक्षरांतलं आणि फटींतलं राहिलेलं झाडून घ्या. हे टाळू नका. दुसऱ्या गाड्यांवर राहिलेलं वॅक्स पांढरं दिसतं म्हणून लगेच सापडतं, आपल्या गाडीवर त्या दिवशी काहीच दिसत नाही आणि आठवड्याने त्या चिकट कडेवर धूळ बसून दारांच्या फटींना काजळ घातल्यासारखी करडी रेघ उमटते. तसंच पॅनलवर सुटलेले पट्टेही चार दिवसांनी धुळीमुळे करडे दिसतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरक्या उन्हात एकदा स्वच्छ कापड घेऊन गाडीभोवती फेरी मारा, रात्रीतून कुठेकुठे हलका तेलकटपणा वर आलेला असतो, एका हाताने जातो. काळ्या प्लास्टिकवर टेप लावूनही डाग पडलाच असेल तर साधं पेन्सिलचं खोडरबर घासून बघा, बऱ्याच वेळा निघतो.

दुसरा कोट? द्या, पण पातळच, आणि दुसऱ्या दिवशी. एकावर एक दहा थर चढवून काही मोठा फायदा होत नाही. मला दुसऱ्या कोटचा उपयोग एवढाच वाटतो की पहिल्यात सुटलेल्या जागा त्यात भरतात, आणि पांढऱ्या गाडीवर त्या सुटतातच.

टिकतं किती ते तुमच्या पार्किंगवर आहे. उन्हात उभी राहणाऱ्या माझ्या गाडीवर कार्नौबा दीड-दोन महिने, बेसमेंटमध्ये असणाऱ्यांचं जास्त जातं. पाणी मारल्यावर मण्यांसारखे थेंब धरले की आहे, पाणी चादरीसारखं पसरून राहिलं की गेलं. पोपटाच्या-कावळ्याच्या प्रसादावर मात्र विसंबू नका, वॅक्स असलं तरी त्याच दिवशी ओलं कापड टेकवून मऊ करून काढा. आंब्याच्या झाडाखाली मोहोराच्या दिवसांत जो चिकटा पडतो, तुडतुड्यांचा, तोही वॅक्स असेल तर नुसत्या पाण्याने सुटतो, नसेल तर आठवडाभर बोटं चिकटतात.

आणि आता दसरा. आई दरवर्षी बॉनेटवर हळदी-कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढते, झेंडू वाहते, आणि मी काही बोलू शकत नाही, बोलायचंही नसतं. पांढऱ्या बॉनेटवर ओली हळद म्हणजे पिवळा छाप, कुंकवाचा तर गुलाबी. पहिल्या वर्षी वॅक्स नव्हतं, ते स्वस्तिक दिवाळीपर्यंत दिसत होतं. हळदीचा छाप उन्हाने हळूहळू उडतो, कुंकू मात्र हट्टी. आता खंडेनवमीच्या आदल्या रविवारी बॉनेटला दोन कोट देतो, पूजा झाली की संध्याकाळी आईची नजर चुकवून शाम्पूच्या ओल्या कापडाने एकदा पुसतो, निघून जातं.

ॲप्लिकेटर आणि कापडं वेगळी धुवा, कोमट पाण्यात, घरच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका आणि कम्फर्ट वगैरे घालू नका, मऊ करायच्या नादात त्यांची पाणी-वॅक्स ओढायची ताकद जाते. डब्याचं झाकण घट्ट लावा नाहीतर सॉल्व्हंट उडून वॅक्सला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. आणि डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मी ठेवला होता, मे महिन्यात डिकीचं कार्पेट तीन ठिकाणी तेलकट झालं, अजून तसंच आहे.